हुकलेलं भूत

॥ श्री ॥

दिग्रस,
८ सप्टेंबर २०२४

चि. अमर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून हसशील. पण तुला जे विचारायचंय त्याचं उत्तर नकाशा काढून हवंय, आणि फोनवरचा नकाशा मला कळत नाही.

यंदा जत्रेत पाल ठोकायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं गोदाम मिळालंय, दिवाळीपासून आपला भूतबंगला तिथेच कायमचा. पण भुताला आता कुणी भीत नाही रे. मागच्या जत्रेत पोरांनी तुझ्या काकांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले. एकाने तर बुवा, पुन्हा एकदा ओरडून दाखव ना, असं सांगितलं. काका घरी आले, तोंडाचा रंग धुतला आणि अर्ध्या ताटावरून उठले. उभा जन्म ज्या माणसाने लोकांना भिववलं, त्याच्यावर लोक हसतात, हे मला बघवत नाही.

तू इतकी वर्षं त्या कॅसिनोत आहेस. तिथे लोक म्हणे बसले की उठत नाहीत. कसे रे बसवता? ते लिही. आणि हो, लग्नाचं काय ठरवलंस तेही लिही, विषय बदलू नकोस.

तुझी,
बेबीमावशी

*

पणजी,
२१ सप्टेंबर २०२४

ती. सौ. बेबीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

नकाशा सोबत जोडलाय. लग्नाचा विषय बदलतोय.

आमच्याकडे आत घड्याळ नाही, खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की अंधार, हे माणसाला कळता कामा नये. सरळ रस्ता कुठेच ठेवत नाहीत, कारण सरळ रस्त्यावर माणसाला शेवट दिसतो आणि शेवट दिसला की घर आठवतं. वाट हळूच वळवायची. पुढच्या वळणावर थोडा उजेड दिसत राहिला की पाय आपोआप तिकडे जातात. बाहेरचं दार शोधूनच सापडलं पाहिजे.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. जिंकलेला माणूस उठून जातो. हरलेलाही कंटाळतो. हलत नाही तो फक्त ज्याचं थोडक्यात हुकलं तो. मशीनवर दोन चित्रं जुळली, तिसरं डोळ्यांदेखत पुढे सरकलं, झालं! तो तिथेच रुतला.

म्हणून भूत दाखवूच नका, मावशी. भूत आत्ताच उठून गेलं असं दाखवा. घरची बंगई तिथे टांगा. काकांनी तिच्यावर चहा पीत बसायचं आणि पावलं ऐकू आली की उठून पुढच्या खोलीत सटकायचं. लोकांना दिसेल ती रिकामी, अजून झुलणारी बंगई आणि वाफ येणारी कपबशी. प्रत्येक खोलीत असंच. काकांना म्हणावं, आता रंग फासायची गरज नाही, तोंड दाखवायचंच नाही.

काकांना नमस्कार. तुमच्या आशीर्वादाचा भुकेला,
अमर

*

दिग्रस,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. अमर यास,
अ. उ. आ.

तुझ्या तोंडात साखर पडो! गोदामात टिनाचे आडोसे केले, वरून बारदाना ताणला. पडदे शेजारच्या गौहरने शिवून दिले. दारव्ह्याहून जीपा भरभरून लोक येताहेत, आणि आलेले पुन्हा येताहेत. आता कुणी हसत नाही. आत शिरताना बडबडतात आणि बाहेर येताना मागे बघत बघत येतात. एक चांगला धिप्पाड माणूस बाहेर येऊन मला सांगत होता, मले भूत काई दिसलं नाई बाई, पण आत्ताच उठून गेलं, गादी गरम होती. लगेच पुन्हा रांगेत उभा राहिला.

काका खुशीत आहेत. इतके तरबेज झालेत की मागच्या फटीतून मी बघत असते, तरी ते कुठून निघाले ते मलाही कळत नाही.

एक वेडेपणा सांगते, हसू नकोस. घरीही तसंच चाललंय. मी उठते तर अंथरूण गरम असतं आणि हे नसतात. ताट वाढून आणते तर अर्धी भाकरी आधीच मोडलेली. आवाज दिला की पलीकडच्या खोलीतून ओ येते, आणि जाऊन बघावं तर खुंटीवरचा टॉवेल हलत असतो. कामाची सवय अंगात मुरली असेल, नाही का?

लवकर लिही. वाट बघते.
मावशी

*

पणजी,
१ डिसेंबर २०२४

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हसलो. काका म्हातारपणी लपाछपी खेळताहेत म्हणून मित्रांनाही सांगितलं. मग पत्र पुन्हा वाचलं आणि हसू आलं नाही.

आमच्याकडे एक गृहस्थ रोज येतात. एका मशीनवर बसले की त्यांना वाटतं, खरं नशीब शेजारच्या मशीनवर आहे. तिकडे जातात, तर वाटतं नशीब आधीच्यावरच होतं. आता ते बसतच नाहीत. नुसते फिरतात. डोळ्याला डोळा भिडवला तरी बघत नाहीत. मला त्यांची भीती वाटते, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

मावशी, काही दिवस बंद ठेवा. काकांना बाहेर तिकिटाच्या टेबलावर बसवा, भर उजेडात, चार माणसांसमोर. आत एक घड्याळ लावा. नाहीतर सगळे आडोसेच काढून टाका.

काळजीत आहे. उलटटपाली कळवा.
अमर

*

दिग्रस,
१८ जानेवारी २०२५

चि. अमर यास,
अ. उ. आ.

काढले. टिन काढले, बारदाना उतरवला, भर दुपारी दोन्ही मोठी दारं सताड उघडली. गोदाम या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख दिसत होतं. लपायला एक खांबसुद्धा नाही. मधोमध बंगई, आणि ती हलत होती.

मी हाक मारली. माझ्या पाठीमागून, अगदी हातभरावरून हे म्हणाले, इथंच तं हावो ना, कायले आवाज देऊन राह्यली. मी वळले. नुसत्या त्यांच्या चपला होत्या. हात लावला, आतून गरम.

त्यांचं तोंड पाहिल्याला आता किती काळ झाला ते मला सांगता येत नाही. दिवाळीच्या गर्दीत लक्षातच आलं नाही, कधी शेवटचं पाहिलं ते. गौहरला रोज दिसतात. भाऊ आत्ताच हापशीवर होते, तुमालेच विचारून राह्यले होते, असं ती सांगते. मी धावत जाते, तर हापशीच्या तोंडून अजून पाणी ठिबकत असतं.

मला तुझा राग आलाय, अमर. तुझ्या नकाशाचा आला, तो मागवणाऱ्या माझा त्याहून जास्त आला. मला त्यांचा मान परत हवा होता. आता मान राहू दे, माणूस समोर दे. भांडायला तरी समोर दे. तू ये.

तुझी,
मावशी

*

दिग्रस,
९ फेब्रुवारी २०२५

चि. अमर यास,
किसनकाकाचा आशीर्वाद.

माझं अक्षर पाहून दचकशील. घरात पत्रं लिहायचं काम तुझ्या मावशीचं. पण तिला कळू न देता सांगायचंय, म्हणून हातात पेन घेतलं.

बेबी मला दिसत नाही रे.

दिवाळीपासून ती कामात इतकी गुंतली, की मी मनाशी म्हटलं, असू दे. पण आता घरात शिरावं तर चुलीवर फोडणी तडतडत असते आणि ती नसते. दोरीवर तिचं लुगडं ठिबकतं. हाक मारते, मी ओ देतो, धावतो, तर दाराचा पडदा नुकता पडलेला. गोदाम मोकळं केलं त्या दिवशी तिथे तिने मला हाक मारली. मी तिच्या आवाजाच्या मागेच उभा होतो. बोललोसुद्धा. समोर मोकळी जागा होती. एक दिवस मी उंबरठ्यावर बसून राहिलो, जागचा हललो नाही. ती मागच्या दाराने जाऊन आली म्हणे. गौहर रागावते, आत्ताच तुमालेच शोधत होत्या, भाऊ, भांडले का तुमी? भांडायला ती भेटली तर पाहिजे. मी घाबरलोय. लोकांना भिववताना कधी वाटलं नव्हतं की भीती अशी असते.

होळीला येतो असं तू तिला कळवलंयस. येऊ नकोस. आलास तर तूही आम्हाला हुकशील, आणि मग आमचं बाहेर कुणीच उरणार नाही.

तुझं पत्र तेवढं आम्हा दोघांच्या हातात येतं. मला मिळतं तेव्हा ते फोडलेलं असतं आणि कडेला तिच्या बोटाची हळद असते. मी ते उशाखाली ठेवतो, सकाळी ते तिच्या पेटीवर असतं. म्हणून तिला वेगळं आणि मला वेगळं लिहू नकोस. एकाच कागदावर दोघांना लिही. तुझ्या लग्नाचं लिही, ते ती सावकाश वाचते. आणि बाळा, पत्र चांगलं लांबलचक लिही. ती वाचत बसलेली असेल, तोवर मी जाऊन पोचेन.

तुझा,
किसनकाका