सत्तेचाळीस नंबरचा नियम

प्रिय भाऊजी,

करार मिळाला. चौतीस पानं, आणि वर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी की वहिनी, डोळे झाकून सही करा. अहो, मागच्याच महिन्यात नवा चष्मा केलाय. तो लावून डोळे झाकायचे म्हणजे चष्मेवाल्याचा अपमान. तेव्हा उघड्या डोळ्यांनी वाचला, एकदा सरळ आणि एकदा पेन्सिल घेऊन. जिथे अडले तिथे शब्दकोश काढला, आणि शब्दकोशालाही जमेना तिथे सरकारी दूरसंचार नियामकाने येत्या सुनावणीसाठी काढलेली पुस्तिका. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "अहो वहिनी, ऐका तर" म्हणता आणि मग मी ऐकतच बसते. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

मला करार कसा कळला ते सांगते, चुकत असेन तर दुरुस्त करा. आपण वस्तीला जे नेट पुरवतो त्यावर आज नऊशेच्या आसपास घरं आहेत. संध्याकाळी सगळी एकदम सिनेमे लावतात आणि आपली जुनी लाइन धापा टाकते. तुमची कंपनी मला नवं यंत्र आणि जाड लाइन फुकट देणार. बदल्यात कंपनीचे सिनेमे, आणि ज्यांनी कंपनीला पैसे भरलेत त्यांचा माल, माझ्या तारेतून आधी सोडायचा. बाकीच्यांनी मागून यायचं. हे झालं तेहतीस पानांत. चौतिसाव्या पानावर मी लिहून द्यायचं की तारेतून जाणाऱ्या सगळ्याला सारखंच वागवा हा जो नियम आहे, ज्याला तुम्ही लोक नेट न्यूट्रॅलिटी म्हणता, तो काढून टाकावा अशी आम्हा छोट्यांचीही इच्छा आहे. भाऊजी, तुम्हाला खरं हवंय ते हे एकच पान. बाकीची तेहतीस त्याचं वेष्टण आहेत. रागावू नका, मी दुकानदाराची मुलगी आहे, वेष्टण ओळखते.

तुमचं सगळंच चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. जाड लाइन टाकायची तर पैसा कुणीतरी घालायला हवा, आणि संध्याकाळची निम्मी गर्दी ज्यांच्या सिनेमांची त्यांनी काही उचलावा, हे ऐकायला रास्तच वाटतं. पुस्तिकेतही दोन्हीकडचे मोठमोठे विद्वान आहेत आणि दोघेही आकडे देतात. मी त्यात आठ दिवस घातले. शेवटी मला माझ्या वडिलांच्या दुकानातली गोष्ट कळली तेवढीच कळली: रांगेत पुढची जागा विकायची असेल, तर मागची रांग हळू चालावी लागते. सगळ्यांचं काम पटापट होत असेल तर पुढे जाण्याचे पैसे देईल कोण? म्हणजे ज्या दिवशी मी पुढची जागा विकायला काढली, त्या दिवसापासून साधी रांग सुधारण्यात माझा तोटा. लाइन जाड करण्यासाठी आणलेला करार लाइन बारीक ठेवण्याचं कारण होऊन बसतो.

तुम्ही म्हणाल, वहिनी दादाच्या तोंडचं बोलते. मलाही तसंच वाटायचं. हे गेले त्याला आता अडीच वर्षं झाली. अजून सकाळी यंत्रांच्या खोलीचं दार उघडताना मी आधी खोकते, आत ते असतील आणि दचकतील म्हणून. तेवढं सोडलं तर मी ठीक आहे. जेवते, झोपते, खांबावर माणूस चढवायचा तर खाली उभी राहून ओरडते. आणि कुणी भेटलं की तीच गोष्ट सांगते: एका मोठ्या सिनेमेवाल्याने ह्यांना पैसे देऊ केले होते, आमचा माल आधी सोडा म्हणून, धाकट्या भावाने तो निरोप घरात आणला, ह्यांनी सांगितलं, माझ्या तारेत सगळे सारखे, आणि भाऊ घर सोडून गेला. गोष्टीत हे नेहमी उभे असतात आणि तुम्ही नेहमी दारातून बाहेर पडत असता. इतक्यांदा सांगितली की मलाही ती पाठ झाली.

आता नवी बातमी. तुमचा करार येण्याआधीच मी जुनं यंत्र बदलायचं ठरवलं होतं. त्यातले नियम नव्यात घालायचे म्हणून एकेक ओळ कागदावर उतरवून घेत होते. ह्यांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक नियमाशेजारी तारीख आणि कारण. "शाळेची परीक्षा, दोन दिवस." "खालच्या गल्लीत वीज गेली म्हणून." सहीसकट. दोनशे चौदा ओळींत एकच ओळ मुकी निघाली. तारीख होती, कारण नव्हतं. सत्तेचाळीस नंबरच्या जोडणीला संध्याकाळी सहा ते नऊ सगळ्यांच्या आधी सोडायचं. तारीख अकरा वर्षांपूर्वीची, आणि नियम चालू.

सत्तेचाळीस नंबर आज आपल्या निवृत्त पोस्टमनकाकांचा आहे, ते दिवसभर नेटवर बुद्धिबळ खेळतात ते. एका मिनिटाचे डाव. गेली किती वर्षं मला रस्त्यात अडवून सांगतात की तुमच्या नेटसारखं नेट जगात नाही, आणि मी घरी येऊन ह्यांना सांगायची, आणि हे खूश व्हायचे. जोडणी सुटली की मोकळा नंबर पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायचा ही ह्यांचीच काटकसर; नंबर पुढे गेला आणि नियमही त्याला चिकटून गेला. मी ती ओळ काढली, तर काका चौथ्या दिवशी दारात. हात थरथरायला लागलाय का म्हणून डॉक्टरला दाखवून आले होते. मी त्यांना खरं सांगितलं. म्हणाले, म्हणजे त्या दुसऱ्या देशातल्या पोराने मला कधीचंच हरवायला हवं होतं. आणि चहा न घेता गेले.

पण काकांच्या आधी सत्तेचाळीस कुणाचा? मी जोडण्यांची वही मागे उलटत गेले. भाऊजी, तुमचा. वरच्या मागच्या खोलीचा. तारीख पाहिली आणि मला आठवलं: त्या आठ महिन्यांत तुम्ही रोज संध्याकाळी सहा ते नऊ दार लावून परीक्षेचे तास ऐकायचात, जेवणाचं ताट मी बाहेर ठेवायची. त्याच परीक्षेवर तुम्हाला ही नोकरी लागली. घरात तेव्हा त्या सिनेमेवाल्याच्या निरोपावरून तुमच्या दोघांचं बोलणं बंद होतं. हे माझ्यामार्फत तुम्हाला "मीठ दे" म्हणायचे. आणि तुमचे तास सुरू झाले त्याच आठवड्यात यंत्राच्या खोलीत जाऊन ह्यांनी आख्खी वस्ती रांगेत तुमच्या मागे उभी केली होती. सगळे सारखे म्हणणाऱ्या माणसाने.

ह्यांना नेलं त्या दिवशी तुम्ही फाटकापाशी उभे होता. आत या म्हटलं तर म्हणालात, "दादाने तत्त्व सांभाळलं, वहिनी. माझ्यासाठी एक तार हलवली नाही." तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. आता आहे. हलवली होती.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस मी त्याच आनंदात होते, खरं सांगते. ह्यांच्या फोटोकडे बघून "लबाडा" म्हणून झालं. मग सवयीने तक्रारींची वही काढली, त्याच आठ महिन्यांची. गणिताच्या बाई आठवतात? आपल्या घरावरून जाणाऱ्या तारेच्या फाट्यावरचं शेवटचं घर, संध्याकाळी नेटवरून मुलांना शिकवायच्या. एकतीस तक्रारी. सगळ्या सहा ते नऊमधल्या. चित्र थांबतं, आवाज तुटतो. समोर ह्यांचं अक्षर: केबल बदलली. टोक बदललं. पुन्हा केबल बदलली. शेवटच्या सहांसमोर नुसतं "त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये दोष?" आणि ते प्रश्नचिन्ह इतकं दाबून काढलंय की मागच्या पानावर उमटलंय. ह्यांना ठाऊक होतं का? पहिल्या आठवड्यात असणारच. पुढे माणूस स्वतःची समजूत घालतो. आपल्या खोलीत दोष आहे हे मान्य करण्यापेक्षा दुसऱ्याच्या छपरावर चढणं सोपं असतं, मग ऊन का असेना. बाईंनी शेवटी शिकवणी बंद केली. तुम्हाला नोकरी लागली, तुम्ही गेलात, आणि तो नियम काढायचा राहिला. मला वाटतं, त्या ओळीकडे परत बघायचंच नव्हतं ह्यांना.

मी बाईंकडे गेले. आता त्या टायरच्या एका दुकानात हिशेब लिहितात. जाताना वाटेत चार वेळा परत फिरावंसं वाटलं. मेलेल्या नवऱ्याची चहाडी करायला निघालेली बाई दुसरी कोण असेल? पण सांगितलं, वहीसकट. मला वाटलं त्या चिडतील, भरपाई मागतील, निदान दोन शब्द ऐकवतील. त्यांनी वही मांडीवर घेतली आणि प्रत्येक तारखेवर बोट ठेवत गेल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी वाईट शिकवत नव्हते."

भाऊजी, अकरा वर्षं त्या बाईला वाटत होतं की मुलं गेली ती तिच्या शिकवण्यामुळे. आई-वडील तोंडावर तसं म्हणत नसत, दुसरीकडे लावलंय एवढंच सांगत. दुसरीकडचं चित्र थांबत नसे ना. त्यांनी पाठ बदलून पाहिले, आवाज मोठा करून पाहिला, रात्र रात्र उदाहरणं सोडवली, आणि मग स्वतःलाच नापास केलं. तारेत कुणाला मागे ठेवलं तर त्याला ढकलल्यासारखं लागत नाही. त्याला वाटतं आपणच हळू आहोत. पुस्तिकेच्या शंभर पानांत मला ही गोष्ट सापडली नाही, म्हणून मी लिहायला बसले.

तुमची कंपनी वाईट आहे म्हणून नियम हवा, असं माझं म्हणणंच नाही. ह्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. त्यांनी एक पैसा घेतला नव्हता, प्रेमापोटी केलं होतं, तेही बोलणं बंद असलेल्या भावावरच्या. तरी एका बाईची रोजीरोटी गेली आणि कुणाला कळलं नाही, करणाऱ्याने स्वतःलाही धड कळू दिलं नाही. मग जिथे प्रेम नसून करार असेल, आणि गल्ली नसून देश असेल, तिथे कुणाच्या वहीत बघायचं? चावी ज्याच्या हातात आहे त्याच्या चांगुलपणावर सोडायची ही गोष्ट नाही. माझ्याही नाही.

तेव्हा सही करत नाही. काळजी करू नका, वहिनी बुडत नाही. शेजारच्या चार वस्त्यांतले नेटवाले आणि मी मिळून एक जाड लाइन घेतोय. चौघेही एकमेकांना चोर समजतात, त्यामुळे कागदपत्रं एकदम चोख झाली. गिऱ्हाइकांना बोलावून दर थोडा वाढेल हे सांगितलं. कुरकुर झाली, दोनतीन घरं गेली, बाकीची राहिली. आता यंत्रातले सगळे नियम कारणासकट छापून दारावर लावते. कुणीही येऊन वाचावेत. वाचतं कुणी नाही, पोस्टमनकाका सोडून. ते रोज येतात.

हे सगळं तुम्हाला आत्ताच का कळवलं ते सांगते. गुरुवारच्या सुनावणीत माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत आहे, आणि तुमच्या कंपनीतर्फे कोण बोलणार हेही त्याच यादीत वाचलं. मी दोन्ही वह्या घेऊन येणार आहे. सत्तेचाळीस नंबर कुणाचा होता असं विचारलं तर खरं सांगेन, माझ्या दिराचा. आणि तुम्हाला हे भर सभेत पहिल्यांदा कळावं हे मला सहन झालं नसतं. दादाने तुमच्यासाठी काय केलं ते तुम्ही आधी घरी एकटे बसून वाचा, हवं तर रडा, आणि मग या. तुम्ही बोलू नका असं मी सांगणार नाही. नोकरी तुमची आहे, मेहनतीची आहे, आठ महिन्यांचं ताट मी ठेवलंय, मला ठाऊक आहे. फक्त तुमच्या कंपनीच्या निवेदनात बाराव्या कलमात एक वाक्य आहे: कुणाचं नुकसान झालंच तर तो ग्राहक तक्रार करेल, वेगळ्या नियमाची गरज नाही. तेवढं वाक्य वाचण्याआधी मान वर करून समोर बघा. पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी, गणिताच्या बाई बसलेल्या असतील. त्यांनी तक्रार एकतीस वेळा केली होती.

निकाल काहीही लागो, तुमचीच,
वहिनी