आधी ओळख, मग निरोप

रवि. ९ नोव्हेंबर

खिंडीत आठला पोचलो. मेढ्याच्या पुढं धुकं एवढं की स्कूटरचा दिवा लावूनच चढ चढलो. जांभळाखाली नेहमीची जागा. दरी काठोकाठ भरलेली. धुक्यात ड्रोन उडवू नये हे ठाऊक आहे, तरी सोडला. पडद्यावर बराच वेळ नुसतं पांढरं. मग एकेक करून वाडी वर आली. देवळाचा पत्रा, गवताच्या गंज्या, मनूच्या घराची कौलं.

पोटच्या मुलीला साडेचार वर्षांत समोरून पाहिलेलं नाही. वरून मात्र हा सहावा रविवार.

अंगणात छोटी. नाव सौ.कडून कळलं, ईरा. तीन वर्षांची होईल. नातीचा चेहरा मला ठाऊक नाही, भांग ठाऊक आहे. जरासा डावीकडं सरकलेला. मनूचाही तसाच असे, कितीही विंचरा. आज छोटीनं ड्रोनकडं बघून दोन्ही हात वर केले. काहीतरी म्हणाली असणार. ड्रोनला कान नसतात.

घरी आल्यावर सौ., "आवं, मीटिंग झाली का?" म्हटलं, झाली. माजी सैनिकांची मीटिंग दर रविवारी असते, असं आमच्या घरात ठरलेलं आहे.

मंगळ. ११ नोव्हें.

ड्रोनची पाती मऊ फडक्यानं पुसली. सांगलीच्या सुहासकडून जुना घेतलेला. तो लग्नाचे फोटो काढतो, आता मोठा ड्रोन घेतला म्हणून हा मला दिला. किती वराती, किती अक्षता बघितल्या असतील यानं. मी एकच लग्न चुकवलं आणि तेच माझ्या घरचं.

दोष कुणाचा, हे इथं तरी खरं लिहावं. पलटणीतल्या जोडीदाराला मी शब्द दिला होता की तुझा पोरगा माझा जावई. मनूनं साताऱ्याच्या कॉलेजातला, जावळीत भातशेती करणारा निवडला. मी म्हणालो, माझा शब्द मोडलास, या उंबऱ्याला पाय लावू नकोस. शब्द मी दिला होता. तो तिनं का पाळावा, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. आता रोज येतं. पण बोललेलं मागे घेतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

रवि. १६ नोव्हें.

ऊन. भाताची झोडणी चाललेली. 'तो' फळीवर पेंढ्या आपटत होता, मनू पाखडत होती. वरून आवाज नाही, फक्त हात वर जातो, खाली येतो. बघता बघता डुलकी लागल्यासारखं झालं. वाटलं, मीच त्या खळ्यावर बसलोय आणि कुणीतरी पाणी आणून देतंय.

तो आळशी आहे असं मी साडेचार वर्षं म्हणत आलो. वरून तसं दिसत नाही.

बॅटरी ३०% वर आली तसा परत बोलावला.

शुक्र. २१ नोव्हें.

सौ. मनूशी फोनवर बोलते. दुपारी, मी झोपलोय असं समजून. आज फोन ठेवून माझ्यापाशी आली आणि भिंतीला सांगावं तसं बोलली.

"वाडीवर ड्रोन येतोय म्हणं. दर रविवारी. चोर घरं हेरत्यात म्हणून बैठक झाली देवळात. लय भ्यालीय पोर."

मी पेपर वाचत होतो. म्हणजे हातात होता.

"जावयानं तिच्या फोनात कायतरी घालून दिलंय. नव्या ड्रोनचा नंबर त्यात दिसतोय, कुठनं उडवला ते पण दिसतंय. ह्याचं कायच दिसत न्हाई. चोरच आसंल, न्हाईतर नाव का लपवील?"

पेपर उलटा नव्हता एवढंच नशीब.

रवि. २३ नोव्हें.

जायला नको होतं. गेलो. मनात आलं, बायका घाबरून बोलतात, पोरीला एवढं काही वाटत नसेल.

ड्रोन अंगणावर आला तशी छोटीनं हात वर केले. मनू घरातून धावत आली, तिला बखोटीला धरून उचललं आणि आत नेलं. पदर पायात आला, उंबऱ्यापाशी जवळजवळ पडलीच. दार लावून घेतलं. अंगणात सुपातलं धान्य सांडलेलं, कोंबड्या जमल्या.

माझी पोर मला भिऊन पळाली.

परत येताना स्कूटर कुठं वळवली, कुठं थांबलो, काही आठवत नाही. साताऱ्यात चहा घेतला असेल, खिशात त्याची चिठ्ठी आहे.

गुरु. २७ नोव्हें.

उडवला नाही. उडवणारही नाही.

बावीस वर्षं वायरलेसवर काढली. नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचो. आधी आपली ओळख, मग निरोप. ओळख न देता बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, तो आपला असला तरी. सुट्टीवर आलो की हाच खेळ मनूशी. दोन काडेपेट्या, मध्ये दोरा. ती माळवदावर, मी आडापाशी. तिचं नाव चिमणी, माझं डोंगर. "चिमणी बोलतेय, डोंगर, ऐकू येतंय का?" ऐकू आलं की हात सरळ वर करायचा. एकदा मी नाव न सांगता बोललो, मुद्दाम. तिनं दोरा सोडून दिला. पाच वर्षांची होती.

आणि मी सात, नाही आठ रविवार तिच्या डोक्यावर बिननावाचा घोंगावत होतो. शिकवणाऱ्यानंच धडा विसरावा.

बुध. ३ डिसेंबर

स्वप्न पडलं. मी ड्रोनमध्ये बसलोय, बसमध्ये बसतात तसा, मांडीवर पिशवी. खाली कोरेगावचा ऊस, मग अजिंक्यताऱ्याची पाठ, मग धुकं. कंडक्टर येऊन म्हणतो, तिकीट दाखवा. खिसे चाचपतो, तिकीट नाही. तो म्हणतो, मग उतरा. धुक्यात कुठं उतरायचं?

जाग आली तेव्हा सौ. चूल सारवत होती. गॅस आहे तरी परसातली चूल सोडत नाही.

शनि. ६ डिसें.

सांगलीला गेलो, बसनं. सुहासच्या दुकानात. गणपतीच्या देवळाजवळ भडंग घेतलं, सौ.साठी.

सुहास हसला. "काका, ड्रोनला पण आता आधार कार्ड लागतंय बगा." मग नीट सांगितलं. सरकारच्या साईटवर मालकाच्या नावानं नोंद करायची, नंबर मिळतो, तो अंगावर चिकटवायचा. हे आधीपासूनच आहे, मी केलं नव्हतं. आणि आता नवीन येऊ घातलंय ते असं की ड्रोननं उडताना स्वतःच हवेत सांगत राहायचं, मी अमुक नंबर, एवढ्या उंचीवर, अमुक जागेवरून उडालो. जवळपास कुणाच्या फोनात ते ॲप असलं की दिसणार.

"सक्ती कवा हुईल?"

"ते कुणालाच धड म्हाईत न्हाई. पण गिऱ्हाइकं कावल्यात. शेतावर, लग्नात उडवायचं म्हटलं की उडवणारा कुठं उभाय ते सगळ्यांला कळणार. एक जण तर म्हणाला, उद्या कोण दगड घिऊन यील."

"जुन्याला बसवता येतं?"

"काडेपेटीएवढं यंत्र हाय. चिकटवायचं. पण तुमाला कशाला, काका? सक्ती हुईपत्तूर उडवा की निवांत."

काडेपेटीएवढं. मी म्हणालो, बसव.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग चहा मागवला.

सोम. १५ डिसें.

साईटवर नोंद. तीन दिवस खेळ चालला. नावाचं स्पेलिंग आधारवर एक, पेन्शनवर एक. शेवटी झालं. मालक या रकान्यात माझं नाव. आजवर शेतजमीन, घर, बंदूक यांच्यावर आलंय, आता आकाशात फिरणाऱ्या वस्तूवर. छाती थोडी फुगली, उगाच.

नंबर आला. चिठ्ठीवर लिहून ड्रोनच्या पोटाला चिकटवला. खाली बारीक अक्षरात 'डोंगर' लिहिलं. तसा नियम नाही. चालतं.

रवि. २१ डिसें.

गेलो नाही. भीती. नंबर घेऊन वाडीवर गेलो आणि त्यांनी पोलिसांत दिला तर नाव माझंच निघणार. बापानं आठ रविवार पोरीच्या घरावर पाळत ठेवली असं लिहिलं जाईल, आणि ते खोटं नसेल. बिननावाचं असताना मी फक्त चोर होतो. नावासकट मी तिचा बाप. दुसरं जास्त जड आहे.

सौ.ला म्हणालो, आज मीटिंग नाही.

"का? सगळे मेले का काय?"

गुरु. ८ जानेवारी

सौ.नं माझे बूट उन्हात ठेवले होते. काठीनं चिखल खरवडत होती. खाली तांबड्या पापुद्र्यांचा ढीग.

"आवं, कोरेगावची माती काळी," ती म्हणाली. "साताऱ्यात डांबर. तुमची ती मीटिंग कंच्या डोंगरात भरती?"

मी एक पापुद्रा उचलून बोटांत चुरडला.

"मी कवाचं वळखलंय. पयल्याच रविवारी. म्हटलं, बघू दे लांबनं तरी. पोरीला सांगितलं न्हाई. पण ती भ्यायली तवा लय राग आला तुमचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. भिंतीला."

मग ड्रोन दाखवा म्हणाली. हातात घेतला, उलटा केला, चष्मा लावून नंबर वाचला, खालचा शब्दही वाचला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, माझ्याही. "हे कागदावर लिहून द्या." लिहून दिलं. कागद देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला. पुढं त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

बुध. १४ जाने.

संक्रांत. सौ.नं तिळगूळ केला, दरवर्षीपेक्षा दुप्पट. अर्धा स्टीलच्या डब्यात भरून वर फडकं बांधलं आणि माझ्या स्कूटरच्या हुकाला अडकवला.

"मीटिंगला जाताना न्या."

"आजच?"

"रथसप्तमीपत्तूर देता येतोय. पण त्येच्यापुढं न्हाई, सांगून ठिवते."

रवि. १८ जाने.

साताऱ्यापर्यंत गेलो. स्टँडसमोर चहा घेतला, दुसरा घेतला, परत आलो. सौ.नं डबा काढून घेतला, जड आहे हे पाहिलं, फळीवर ठेवला. एक शब्द नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

शनि. २४ जाने.

उद्या रथसप्तमी. बॅटऱ्या भरल्या. ठरवलंय ते लिहून ठेवतो, म्हणजे तिथं गेल्यावर मन फिरणार नाही. अंगणावर न्यायचा नाही. वाडीच्या वेशीवर, वडाच्या वर थांबवायचा. दुसऱ्याच्या अंगणात वरून उतरू नये, दाराशी उभं राहून हाक मारावी, एवढं तरी कळायला हवं होतं. नंबर तिला तेवढ्या अंतरावरून दिसेल. कुठून उडाला तेही दिसेल. मग ती जाणे.

रवि. २५ जाने. रथसप्तमी

खिंडीतच लिहितोय, जांभळाखाली, वही स्कूटरच्या सीटवर. हात थंडीनं वाकडे. अक्षर लागलं तर लागलं.

आज धुकं नाही. दरी तळापर्यंत स्वच्छ. माझ्या पाठीमागून सूर्य वर आलेला. वाडीत दोन-तीन अंगणांत गोवऱ्यांवर दूध उतू घालायला ठेवलेलं, धुराच्या बारीक रेघा सरळ वर.

आठ वाजून दहा मिनिटांनी उडवला. काडेपेटीचा हिरवा दिवा लागला. वडावर नेऊन थांबवला. कॅमेरा जरा तिरका केला तेव्हा मनूचं घर दूरवर, नखाएवढं. पडद्यावर बोटांनी ताणून जवळ आणलं.

जावई गोठ्यातून बाहेर आला, ड्रोन बघून आत ओरडला असावा. मनू आली. छोटी मागून. या वेळी तिनं पोरीला उचललं नाही. हातात फोन होता. खाली मान घालून बघत उभी राहिली. किती वेळ, कोण जाणे. माझ्या पडद्यावर बॅ. ६१ वरून ५४ झाली.

मग तिनं मान वर केली. मला वाटलं, आता वडाकडं बघेल. ड्रोनकडं तिनं पाहिलंच नाही. ती वळली आणि सरळ खिंडीकडं बघत राहिली. माझ्याकडं. साडेचार वर्षांनी.

तिनं एक हात वर नेला. पूर्ण सरळ नाही. कपाळापाशी थांबला. समोरून ऊन होतं, डोळ्यांवर येत असेल. मी इकडं हात सरळ वर करून उभा. एवढ्या लांबून तिला दिसणं शक्य नाही. तरी केला.

ती आत गेली. जावयाशी काही बोलली. दार उघडंच राहिलं.

ड्रोन परत आणला. नेहमी लगेच पिशवीत घालतो, आज दगडावर ठेवलाय, दिवा चालू. डबा हुकाला.

खालून मोटारसायकलचा आवाज येतोय. वळणावर मोठा होतो, पुढच्या वळणाआड बारीक. हा रस्ता पुढं आणखी दोन वाड्यांना जातो, तेव्हा काही सांगता येत नाही.

कानटोपी आणि मफलर काढून ठेवतोय. चेहरा आधी दिसू दे, निरोप मग.