ताईच्या वाटणीची गळती

४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस, म्हणून पत्र.

तुझी बदली आमच्या धरणावर झाली, याचा आनंद फार टिकला नाही. तळाच्या बोगद्याचा गळका दरवाजा तू दुरुस्त करणार, असं कळलं. अरे, त्या गळतीचा ओहोळ आमच्या कुंपणाला लागून जातो आणि आमची सगळी रोपवाटिका त्यावर पोसली आहे. तुझ्याआधी तीन साहेब दुरुस्ती करून गेले. पहिल्याने रबरी पट्टी उलटी बसवली. दुसऱ्याने बोगद्याला आतून गिलावा केला, तो पहिल्याच पाण्याबरोबर आमच्या गुलाबांत आला. तिसऱ्याला काहीच जमेना, तेव्हा त्याने दरवाजाला निळा रंग दिला. तिघांनाही बढती मिळाली. खरोखर दुरुस्ती करायला तूच एवढा कोण लागून गेलास?

हे तर जेवताना तुझ्या फोटोकडे पाठ करून बसतात.

राग आहे, माया त्याच्याखाली शाबूत आहे.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र हिने मोठ्याने वाचून दाखवलं आणि ‘ठोंब्या’वर नको इतका जोर दिला.

ताई, नुसत्या गळतीसाठी मी तुझ्या वाटेला गेलो नसतो. बोगद्यात उतरून पाहिलं. दरवाजा ज्या लोखंडी खाचांतून वरखाली होतो, त्या झिजून वाकल्यात. म्हणून तो पुरता मिटत नाही. ऐन पुरात तो मध्येच अडकला, तर पाणी आवरता येणार नाही आणि वाटेत पहिलं घर तुमचं. त्या पाण्यावर गुलाब फुलत नसतात. पावसाळ्याआधी काम उरकणारच. तुम्ही पाणीवाटप शाखेकडे जोडणीचा अर्ज करा.

भावोजींना नमस्कार. फोटोत मी तसाही बरा दिसत नाही.

रागावलीस तरी आशीर्वादात हात आखडू नकोस.

तुझा भाऊ

९ मे

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद आणि अभिनंदन. ओहोळ कोरडाठाक पडला. इतक्या वर्षांत एकानेच काम चोख केलं, तो नेमका माझा भाऊ निघावा!

अर्जाला उत्तर आलं. तीन दुरुस्त्या यशस्वी झाल्याची नोंद असल्यामुळे दरवाजा कधी गळतच नव्हता. सबब, आमचं पाणी बंद झालं असं म्हणता येत नाही.

रोपं माना टाकताहेत. म्हणून ट्रक केला आहे. सगळ्या कुंड्या तुझ्या बंगल्यावर येत आहेत. सोबत हेही येताहेत, रोपांना यांची सवय आहे. यांना चहा पहाटे लागतो आणि पाणी घालताना हे गातात.

माझा लोभ त्याच ट्रकमध्ये आहे. जपून उतरवून घे.

तुझी ताई

२१ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

कुंड्या व्हरांड्यातून दिवाणखान्यात आल्या आहेत. भावोजी गातात ते धरणाच्या माथ्यावर ऐकू जातं, असं पहारेकरी सांगतो.

काल मोठे साहेब दरवाजाची पाहणी करून घरी आले. बसायला खुर्ची मोकळी नव्हती. भावोजींनी त्यांच्या हाती झारी दिली आणि शेवंतीला बेताने घाला म्हणून बजावलं. साहेबांनी निमूटपणे घातलं. मग ओल्या बुटांनीच तुझ्या अर्जावर मंजुरीची सही केली. गळती होती असं लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून कारण लिहिलं: शासकीय निवासस्थान राहण्यायोग्य करणेकामी.

तुमच्याकडे नळ या आठवड्यात बसतो. ट्रक लगेच पाठव आणि शक्य तर तूही ये. भावोजी निघायला तयार नाहीत. म्हणतात, इथे पाण्याला जोर चांगला आहे.

तुझा भाऊ