आठ बाय आठ बाय आठच्या खोलीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंद्याने ध्वनिमुद्रक, आज लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, कान त्याहून जास्त, आणि कोणी भरीस घातले म्हणून हे लिहीत नाही. "बाबा, झालं का?" म्हणून मुलगी दोनदा डोकावली, ते धरत नाही.

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नीची, तिच्या पश्चात मुलीची.

२. मागची रेकॉर्डिंगची खोलीही पत्नीचीच. पण ती कोणी बिघडवली हे नोंदवतो. बांधकाम पत्नीच्या धाकट्या भावाचे. एक भिंत फूटभर आत घे, म्हणून मी घसा कोरडा केला. "दाजी, खोली कशी ठोकळ्यासारखी नेमकी हवी!" म्हणत पठ्ठ्याने लांबी-रुंदी आठ-आठ फूट केली, वर माळा घालून उंचीही आठवर आणली. तिन्ही मापे सारखी झाली की एकच खालचा सूर फुगतो आणि कोपऱ्यांत घुमत बसतो. माझी मोजपट्टी त्याला द्यावी.

३. जावयांनी चिकटवलेले अंड्यांचे ट्रे व पातळ फोम त्यांनीच खरवडून न्यावेत. त्या फोमने वरचा खणखणीतपणा गेला, खालचा घुमारा जागचा हलला नाही. "पप्पा, आता कसं स्टुडिओ वाटतंय!" दिसण्याबद्दल मी तक्रार केलीच नव्हती.

४. कोपऱ्यांतले जमिनीपासून छतापर्यंतचे, आवाज पिणाऱ्या रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) जाड खांब माझ्या हातचे. अकरा वर्षे चुकत-माकत गेल्या महिन्यात ते बसले आणि घुमणे थांबले. कपाटाला जागा हवी म्हणून कोणी ते हलवले, तर मेल्यावरही माझ्याशी गाठ आहे.

५. पत्नी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचते. तिचा आवाज खर्जातला, नेमका या खोलीत फुगणारा. खोली ताळ्यावर येईना, म्हणून मी तिलाच सांगत राहिलो, "जरा वर घे, बारीक कर." तिने केला. एकसष्ट पुस्तके तिने भलत्याच बाईच्या आवाजात वाचली. पुढे भाजीवाल्याशी आणि माझ्याशीही तशीच बोलू लागली. दोष भिंतींचा होता आणि दुरुस्त मी तिला करत बसलो. याची मला लाज वाटते.

इच्छा एवढीच, की एक पुस्तक तिने स्वतःच्या आवाजात वाचावे. वकील म्हणाले, "अहो, हे तुमच्या मागे उघडायचं असतं." मग मी ऐकणार कधी? म्हणून आजच तिला त्या खोलीत बसवून हे कलम वाचून दाखवले आणि म्हणालो, "आता तुझ्या आवाजात बोल."

तिने दोनदा घसा साफ केला.

"अहो, हाच माझा आवाज," ती म्हणाली. बारीक, स्वच्छ, कुठेही न घुमता.

यापुढे लिहिण्यासारखे काही नाही.

सही: मृत्युपत्र करणारा
साक्षीदार: १. शेजारचे दंतवैद्य २. समोरचे चष्मेवाले (दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या)
ठिकाण: राहते घर, मागची खोली
तारीख: ९ नोव्हेंबर