काय वाचावं

३ ऑगस्ट १९८२, मंगळवार

उस्मानाबाद खोडायचंय! आज ऑर्डर आली. पंधरा तारखेच्या आत एकशे बारा पाट्या – शाळा, दवाखाने, चावड्या. जिथं 'जि. उस्मानाबाद' आहे तिथं 'जि. लातूर'. नवा जिल्हा होणार म्हणून सगळं गाव नाचून राहिलंय आणि मी टेप घेऊन बसलोय. उस्मानाबाद पाच अक्षरी, लातूर तीन. खोडलं की दोन अक्षरांची जागा रिकामी पडते. ताणून लिहिलं तर अक्षरं ढेरपोटी होतात, नेहमीसारखं लिहिलं तर पाटी बोडकी दिसते.

सिंधु म्हणाली, "शेवटी एक फूल काढा की." बायकोचं ऐकलं. दवाखान्याची पाटी लग्नाच्या मांडवासारखी दिसायला लागली! पुसलं.

मला ब्रश शिकवणाऱ्या अप्पांनी हे चहा प्यायच्या आत सोडवलं असतं. "रिकामी जागा बी अक्षरच असतंय, शेष्या. तिला बी काढावं लागतंय."

दहा वर्षांत त्यांचं नाव या वहीत पहिल्यांदा आलं. आलं तर आलं.

५ ऑगस्ट

नांदेडहून विरूपाक्ष सरांचं पत्र. त्यांच्या चित्रकला वर्गात आता पाट्या, जाहिराती, पुस्तकांची कव्हरं असलं सगळं शिकवणार आहेत. लिहितात – 'या मुलांनी काय वाचावं? आपल्यासारख्या अनुभवी कलावंतानं दहा पुस्तकांची यादी द्यावी.'

कलावंत! दोनदा मॅट्रिक नापास झालेल्या माणसाकडं पुस्तकांची यादी मागतात. सिंधुला पत्र दाखवलं तर तिला हसू आवरेना. म्हणाली, "आधी तुमच्या नापासाच्या मार्कशीटा पाठवा." पण मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

७ ऑगस्ट

यादी करायला बसलो. पोरांची अंकलिपी – कारण तिच्यातला 'अ' हाच पहिला 'अ'. पंचांग – तळहाताएवढ्या जागेत सगळं आभाळ बसवायचं म्हणजे काय, ते त्यात कळतं. एसटीचं वेळापत्रक, घाईतल्या माणसाला वाचता आलं पाहिजे म्हणून. हैदराबादच्या एका छापखान्यानं काढलेलं, छपाईच्या अक्षर-खिळ्यांच्या नमुन्यांचं पुस्तक, त्यात मराठी आणि उर्दू समोरासमोर आहे. एक जाडजूड इंग्रजी पुस्तकही आहे माझ्याकडं, जुन्या बाजारातून आणलेलं. त्यातली फक्त चित्रं पाहिलीत. तेही लिहिलं यादीत! मग खोडलं.

चारच झाली. आणि यातल्या एकाही पुस्तकानं मला ब्रश धरायला शिकवलं नाही.

८ ऑगस्ट, रविवार

जे शिकलो ते सिद्रामप्पा पेंटरांकडं. पंधराव्या वर्षी त्यांच्या दुकानात लागलो. मूळचे उदगीरकडचे, घरात कानडी, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. तेवढे सरळ पट्टे मला अजून फुटपट्टीनंही ओढता येत नाहीत. गाव त्यांना उस्ताद म्हणायचं, मी अप्पा.

शिकवणं म्हणजे एकच शब्द. "नोडु!" कानडीत बघ. कापडदुकानाच्या पाटीपुढं उन्हात उभं करायचे. "नोडु. 'क'ची कंबर बघ. 'ळ'चं पोट बघ. 'र' एका पायावर उभा हाय, पडतंय का? न्हाई पडत. का न्हाई पडत?" मी म्हणायचो, न्हाई ठावं. "मंग पडस्तोवर बघ."

गिऱ्हाईक मजकूर सांगायचं, मी तो दगडी पाटीवर खडूनं लिहून घ्यायचो, अप्पा त्यावरून बोर्ड काढायचे. एक रिवाज मात्र कधी मोडला नाही. बोर्ड वाळला की मला पुढं उभं करायचे – "वाचून दाखव." मी मोठ्यानं वाचायचो, बोटानं शब्दाशब्दाखाली रेघ ओढत. ते डोळे मिटून ऐकायचे. मगच बोर्ड दुकानाबाहेर. मला वाटायचं, हा त्यांचा शकुन असेल. पाटी आधी बोलली पाहिजे, मग टांगायची! गिऱ्हाइकांनाही त्याचं कौतुक होतं.

कमलम्मा – त्यांची मंडळी – दुपारी भाकरी घेऊन यायच्या. मला वेगळी चटणी, कमी तिखटाची. चार वर्षं.

११ ऑगस्ट

पाऊस नाही. ढग येतात, बघून जातात. चौकातले म्हातारे म्हणायला लागले – बहात्तरासारखं दिसून राहिलंय. तो आकडा ऐकला की मी दुकानात आत जातो.

१५ ऑगस्ट, रविवार

जिल्हा झाला! फटाके, पेढे, भाषणं. एकशे बाराच्या एकशे बारा पाट्या वेळेवर गेल्या. शेवटी 'लातूर'च्या अलीकडं-पलीकडं जागा सोडली, दोन्हीकडं थोडी थोडी. कुणाला कळणारही नाही की इथं आधी काही होतं.

कुणीतरी खांद्यावर हात टाकून म्हणालं, "शेषेराव, हात म्हणजे तुमचाच. उस्ताद लोकांचा जमाना गेला. तुमच्यात दारूचं नाव न्हाई, टाइमावर काम!"

पेढा तोंडात होता. हातातला दुसरा तसाच खोक्यात परत ठेवला.

१९ ऑगस्ट

लिहूनच टाकतो. ही वही कोण बघतंय.

बहात्तरचा दुष्काळ. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं, दोनअडीचशे माणसं खडी फोडायला. तिथं दोन नवे हौद बांधले, अगदी जुळे भाऊ. उजव्यात टँकरचं औषध टाकलेलं पाणी, डाव्यात जनावरांसाठी गावतळ्याच्या तळचं. त्या वर्षी सगळंच पाणी गढूळ, रंगावरून कोण ओळखणार! म्हणून दोन पाट्या सांगितल्या. 'पिण्याचे पाणी' आणि 'जनावरांचे पाणी'. अप्पांनी सकाळी काढल्या, दुपारी वाळल्या.

मला सिनेमाला जायचं होतं. दोस्त बाहेर सायकलची घंटी वाजवून राहिलेले. अप्पा म्हणाले, "शेष्या, वाचून दाखव. मंग मिळूनच ठोकून येऊ."

मी म्हणालो, "दोनच तर हायेत अप्पा! तुम्हीच वाचा की. का, दरवेळी मीच पाहिजे?"

दोस्त हसले. अप्पांनी हातोडी उचलली. मग म्हणाले, "जा." बोर्ड काखोटीला मारून एकटे चालत गेले.

पाट्या उलट ठोकल्या गेल्या. मुकादम दुसऱ्या गावचा, नवा. त्यानं पाटी वाचली आणि बायापोरांना डाव्या हौदावर लावलं. तिसऱ्या दिवशी एकतीस माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी. गुणाबाई म्हणून एक होती, तिची दोन्ही लेकरं सरकारी दवाखान्यात आठ दिवस. देवाची कृपा, सगळे वाचले.

एक अप्पाच तेवढे वाचले नाहीत.

२० ऑगस्ट

काल अर्धवट सोडलं. सोडायचंच होतं.

कामावरचा साहेब दुकानात आला. अप्पा आत होते, मी उंबऱ्यावर. साहेबानं मला विचारलं, "पेंटर त्या दिवशी प्यायला होता का?"

मी म्हणालो, "हाव, साहेब."

दोन शब्द. ज्यानं जन्मात थेंब घेतला नाही, रोज लिंगपूजा केल्याशिवाय जो पाणी पीत नव्हता, त्याच्याबद्दल. का म्हणालो? भ्यालो. वाटलं, आता विचारतील – पोऱ्या, तू कुठं होतास? पाटी न वाचता बाहेर गेली कशी? आणि आणखी एक कारण आहे. चार वर्षं झाली होती, हात तयार झाला होता. आत, फार आत, वाटत होतं की हे दुकान आपण याहून झकास चालवू.

अप्पांनी आतून ऐकलं की नाही, मला माहीत नाही. पण साहेबापुढं माझं 'हाव' खोडलं नाही. चूक झाली एवढंच म्हणाले. महिन्याभरात काम बंद. पोरं मागं ओरडायची – दारुड्या पेंटर! कमलम्मांनी भांडी पोत्यात भरली आणि दोघं उदगीरकडच्या गावी गेले. जाताना मला खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश दिला. "ओला ठेवू नको," म्हणाले. बास.

२२ ऑगस्ट

गणपती बसले. आरतीला उभा होतो, लक्ष नव्हतं.

२ सप्टेंबर

पत्र लिहिलं. चार पानं, बोरूनं, अप्पांनी वळवलेल्या अक्षरात. तीनदा लिहून तीनदा फाडलं, चौथ्यांदा टाकलं. सगळं लिहिलं. साहेबाला 'हाव' मी म्हणालो. भीतीनं म्हणालो, आणि दुकानावर डोळा ठेवून म्हणालो. कसलीही पळवाट ठेवली नाही. माफी मागायचं तोंड नाही, तरी मागितली.

एक प्रश्नही लिहिला. दहा वर्षं कुरतडतोय. 'अप्पा, दोनच पाट्या होत्या. मी नव्हतो तर तुम्ही नुसती नजर का नाही टाकलीत?' लिहिल्यावर वाटलं, हे खोडावं. माफी मागणाऱ्यानं सवाल करू नये. पण खाडाखोड झालेलं पान अप्पांना पाठवणं जमेना. तसंच राहू दिलं.

खाली यादीचंही विचारलं. 'तुमच्या मतानं नव्या पोरांनी काय वाचावं?' त्यांच्याशिवाय विचारू कुणाला?

२० सप्टेंबर

उत्तर नाही.

९ ऑक्टोबर

उत्तर नाही. विरूपाक्ष सरांचं स्मरणपत्र मात्र आलं – 'यादीची वाट पाहतो.' सिंधु म्हणाली, "जाऊन तरी या एकदा." काय तोंडानं जाऊ? पत्र चुलीत गेलं असेल. चुलीतच जायला पाहिजे ते. मी असतो तर चुलीत घातलं असतं आणि वर रॉकेल ओतलं असतं.

२६ ऑक्टोबर, खंडेनवमी

ब्रशांची पूजा केली. खारीच्या केसांचा सगळ्यात पुढं ठेवला. त्याला हळदकुंकू लावताना सिंधुनं विचारलं, "हा कधी वापरत का न्हाई हो?" काहीतरी सांगितलं.

माणूस चुकतो, कबूल करतो, आणि पलीकडून शिवीसुद्धा येत नाही. एक शिवी आली असती तरी दसरा गोड झाला असता.

६ नोव्हेंबर

यादी पाठवायची नाही असं ठरवलं. सरांना कळवीन, मी या कामाचा माणूस नाही.

९ नोव्हेंबर, मंगळवार

कार्ड आलं! अक्षर त्यांचं नाही. जसंच्या तसं उतरवतो –

'शेष्याला सिद्रामप्पाचा आशीर्वाद. लिहिणार पोस्टमन महादेवप्पा. तुझं पत्र पोचून लई दिवस झाले. चार पानं, एक रेघ वाकडी न्हाई. भिंतीला चिकटवलंय, रोज बघतो. तुझ्या 'ळ'चं पोट आता भरलं. महादेवप्पा म्हणाला वाचून दावतो, म्या न्हाई म्हणलो. त्या लातुरात मला वाचाया येत न्हाई ह्ये तुला एकट्याला ठावं होतं. चार वर्सं झाकून ठेवलंस. सायबानं इचारलं तवा बी, म्या आतून ऐकलो. पिऊन होता म्हणालास, पर अडाणी हाय म्हणाला न्हाईस. दारू सुटली म्हणता येतंय. अडाणी पेंटरला दारात कोण उभा करतंय? माझी इज्जत राखलीस, लेकरा. म्हणून ह्ये पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार न्हाई. कमलम्मा चटणी कमी तिखट करून ठेवती. तूच ये. वाचून दाखव.'

अप्पांना वाचता येत नव्हतं हे मला आज कळलं, आणि भिंतीवरच्या त्या चार पानांत 'दुकानावर डोळा' लिहिलंय. उद्या सकाळची उदगीर गाडी.

काय वाचावं?