म्हाळूचं नाक

मी सत्यभामा सुंदरराव काशिद, वय एकाहत्तर, धंदा गूळ कारखाना, राहणार तेलगाव, जि. बीड, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. कोणी दडपण आणलेलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा एकुलता एक मुलगा तानाजी कोर्टात पहिल्यांदा तेच काढणार. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. कारखाना व त्याखालची दीड एकर जमीन माझ्या कमाईची, माझ्याच नावावर आहे. सुरुवातीला रस आटवायला एक काहील होती आणि म्हाळू गुळव्या. पाक उतरवायची वेळ तो नुसत्या वासावरून सांगायचा. एकतीस वर्षांत पाक एकदाही करपला नाही. तानाजीने एकाच्या चार काहिली केल्या. उत्पादन चौपट झालं, जळणाला उसाचं चिपाड पुरेना, म्हणून तो जुने टायर जाळायला लागला. "काहील थंड ठेवू नको," असं मीच म्हणाले होते. ते इथे लपवत नाही.

दोन हंगामांच्या काळ्या धुराने म्हाळूचं नाक गेलं. "मालकीणबाई, वासच येईना. कामून येईना, ते तुमाला म्हाईत हाय," असं तो मला म्हणाला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या हंगामात पाक करपला. तानाजीने सगळ्या मजुरांसमोर त्याचं नाक चिमटीत धरून हलवलं. "हे आता शेंबडापुरतंच हाय बे, म्हाताऱ्या. घरी बस." मजूर हसले. मीही हसले. त्याच उन्हाळ्यात म्हाळू खोकून खोकून गेला.

२. सबब संपूर्ण कारखाना म्हाळूची बायको चंद्रभागाबाई हिला देते. तेराव्याला गेले तर तिने मला दारातून हाकललं. तोंड फार फाटकं आहे बाईचं. तरी तिलाच. अट एकच, काहिलीखाली चिपाडाशिवाय काही जळू नये. उत्पादन निम्म्यावर आलं तर येऊ द्यावं.

३. तानाजीला त्याला मिळालेली "पर्यावरणस्नेही उद्योजक" पुरस्काराची पाटी देते. परीक्षक आले त्या दिवशी टायर चिपाडाच्या ढिगाखाली झाकले होते. झाकायला मीही हात लावला. पाटी पितळेची नाही, मोडीतही कोणी घेणार नाही. पोट भरायचं असेल तर चंद्रभागाबाईकडे चुलवाणात चिपाड सारायला जावं. तिने ठेवलं तर.

४. दागिने सून स्वप्नालीला. बंगला बांधताना धूर कुठल्या बाजूला जातो, हे तिने आधी विचारलं होतं. घरात अक्कल तेवढी तिला एकटीला.

५. माझ्या चितेला लाकूड आणू नये. आवारात सव्वीस टायर उरलेत, त्यांतच जाळावं. गावाने खिडक्या लावून घ्याव्यात, हा शेवटचा धूर. अग्नी तानाजीने द्यावा आणि राख होईपर्यंत धुराच्या बाजूलाच उभं राहावं. रुमाल लावू नये. मग चंद्रभागाबाईने त्याच्या नाकाखाली गुळाचा खडा धरून वास येतो का ते विचारावं. येतो म्हणाला, तर परत उभं करावं.

सही: सत्यभामा सुंदरराव काशिद

आमच्या समक्ष सही केली:
१. त्रिंबक मारुती डोंगरे (त्या दिवशी हसलेल्यांपैकी एक)
२. मनिषा बजरंग घोलप, परिचारिका

तेलगाव, दि. ९ फेब्रुवारी २०२५