बकरीचं मनगट

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणूनच हे लिहायचं धाडस होतंय. काष्टीच्या शाळेत मी अकरावीत होते. गावात एसटीडी बूथ नुकताच आला होता आणि आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट. तुम्हाला जीवशास्त्र शिकवायला सांगाडा हवा होता, शाळेकडे नव्हता. तेव्हा माझ्याच बाकावरची, बाजारतळाजवळच्या खाटकाची मुलगी बकरीच्या पुढच्या पायाची हाडं घेऊन आली. "सर, अब्बांकडनं आनलीत. राखेनं घासलीत, वास न्हाई यायचा." तुम्ही ती दोन्ही हातांनी घेतलीत, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

तुम्ही म्हणालात, "आपापला हात चाचपून बघा. खांदा, कोपर, मनगट. बकरीलाबी तेच हाय. फक्त कोपराखालची दोन हाडं तिची चिकटलीत, आपली सुटी, म्हणून आपल्याला चावी फिरवता येती." मग फळ्यावर पेशी काढलीत. बकरी, ज्वारी, माणूस, सगळ्यांच्या पेशीत डीएनएची तीच चार अक्षरं. मजकूर तेवढा वेगळा, आणि बकरीचा आपल्याशी बराच जुळणारा. वर्ग थक्क झाला. मला त्यातलं फक्त एवढंच ऐकू आलं, की तुम्ही तिला म्हणालात, "पोरी, तू डॉक्टर होशील." वर्गात पहिला नंबर माझा होता, सर. मला तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात.

पुढच्या आठवड्यात तिनं कवटी आणली, नंतर मणके. तुम्ही तास सुरू करण्याआधी तिच्याकडे बघायला लागलात. मी जळत होते, दुसरा शब्द नाही. एका मधल्या सुट्टीत मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, 'वर्गात हाडं आणतात, विटाळ होतो.' खाली सही केली नाही. हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून आले. आमच्या घरी दर रविवारी तिच्या वडिलांच्याच दुकानातलं मटण यायचं, हे त्या कागदावर कशाला लिहीन? हेडमास्तर चिठ्ठी घेऊन भर वर्गात आले, ती तुमच्या हातात दिली आणि तुम्हाला नाही नाही ते बोलले. तिनं हाडं पिशवीत भरली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. तिनं पुन्हा तासाला हात वर केला नाही. बारावीला ती नव्हती.

आता नगरला मी हाच विषय शिकवते. पेपर तपासताना नाव झाकलेलं असलं तरी पोरांचं अक्षर मला पहिल्या ओळीत ओळखू येतं. गेल्या आठवड्यात हे जाणवलं आणि पेन खाली ठेवलं. माझ्या वह्या तर तुम्ही दहावीपासून दीड वर्ष तपासल्या होत्या. तरी हेडमास्तर गेल्यावर त्याच तासाला, चिठ्ठी खिशात घालून, तुम्ही फळ्यावर बकरीचा पाय काढलात आणि खडू माझ्यापुढे धरलात. "हाडांची नावं तू लिही." आवाज अगदी साधा होता.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचा ते माहीत नाही; माहीत असतं तरी टाकला नसता. कारण खरं सांगायचं तर तेव्हा मला लाज वाटली नाही, सर. ती मागे मान खाली घालून बसली होती आणि तुम्ही मला बोलावलं होतंत. मी खूश झाले होते.